कागद, जाहिरात आणि एक फोन

ही गोष्ट बरीच जुनी आहे, मी तेव्हा एका छोट्या जिल्हा दैनिकात डेस्कवर होते. एका पाणीयोजनेची बातमी आली होती, बिलं निघालेली पण पाईप टाकलेलेच नाहीत, आमचा वार्ताहर जागेवर जाऊन फोटो घेऊन आला होता, कागदपत्रं हातात होती, आणि पहिल्या पानावर घ्यायची असं दुपारीच ठरलं होतं. संध्याकाळी साडेसातला संपादकांना फोन आला. धमकी बिमकी काही नाही, अगदी गोड आवाजात पलीकडचा माणूस म्हणाला की साहेब, तुमच्या जाहिरातींची मागची बिलं आमच्याकडे पेंडिंग आहेत ना, बघतो या आठवड्यात काय करता येतंय ते. बातमीचा विषयसुद्धा काढला नाही त्याने. सरांनी फोन ठेवला, थोडा वेळ नुसते बसून राहिले, आणि मग मला म्हणाले, आत घे. बातमी आतल्या पानावर गेली, तीन कॉलमची सिंगल झाली, ठेकेदाराचं नाव उडालं, फोटो लागलाच नाही.

मी सरांवर कितीतरी दिवस चिडून होते. आता वाटतं की चिडायचं होतं ते त्या फोनवर, कारण सरांना महिनाअखेरीला सगळ्यांचे पगार करायचे होते आणि आमच्या पेपरचं निम्मं पोट सरकारी नोटिसा आणि टेंडरच्या जाहिरातींवर चालायचं, हे पलीकडच्याला पक्कं माहीत होतं.

सरकारचा दबाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंदी, अटक, छापखान्याला सील असलं काहीतरी येतं. ते होतंच, १९७५ साली आणीबाणीत काय काय झालं ते सगळ्यांना माहितीये. पण त्याही वेळी पहिलं पाऊल काय होतं बघा, २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर जिथे मोठमोठ्या पेपरांचे छापखाने होते तिथली वीजच तोडली. सेन्सॉरचा आदेश नंतर आला. म्हणजे मजकुराला हात न लावता मजकूर लोकांपर्यंत पोचू द्यायचा नाही, हा रस्ता सरकारला आधीपासून ठाऊक आहे, आणि तो अडवणं जास्त अवघड असतं कारण त्यात कुणी कुणाला गप्प बस असं म्हटलेलंच नसतं.

या बाबतीत आपल्याकडे सुप्रीम कोर्टाची एक केस आहे जी मला प्रत्येक मराठी वाचकाला सांगाविशी वाटते, कारण ती एका मराठी पेपरची आहे. 'सकाळ'ची. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात काढलेला पेपर, १९६० च्या आसपास किंमत होती ७ नवे पैसे आणि आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पानं द्यायचे. सरकारने १९५६ ला एक कायदा केला होता आणि १९६० ला त्याखाली आदेश काढला, की पेपरने किती किंमतीला किती पानं द्यायची ते सरकार ठरवणार, जाहिरातींना किती जागा द्यायची तेही. त्या हिशोबाने ७ पैशात ३४ ऐवजी २४ पानं, नाहीतर मग किंमत वाढवा. सरकारचं म्हणणं ऐकायला फार छान होतं, मोठे पेपर स्वस्तात भरपूर पानं देऊन छोट्या पेपरांना मारतात, म्हणून छोट्यांना वाचवायला हा कायदा. एका अक्षरावर बंदी नाही, सरकारवर टीका करू नका असं कुठेही लिहिलेलं नाही.

'सकाळ' कोर्टात गेला, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की दोन वाचकसुद्धा स्वतःची याचिका घेऊन गेले. साधे वाचक! त्यांना वाटलं की पेपरची पानं कापणं हे आपल्याही हक्कावर आलंय. सप्टेंबर १९६१ मध्ये निकाल लागला, न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला, आणि कोर्टाने सरकारचा हेतू चांगला की वाईट यात अडकून न पडता परिणाम काय होतो ते पाहिलं. पानं कमी केली तर सांगायला जागा कमी, किंमत वाढवली तर वाचक कमी, जाहिराती कमी केल्या तर किंमत वाढणार म्हणजे परत वाचक कमी. आणि किती लोकांपर्यंत पोचायचं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, नुसतं काय लिहायचं एवढाच नाही. दुसरं असं की घटनेच्या १९(२) कलमात भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येतं त्याची यादी आहे आणि त्यात 'जनहित' हा शब्दच नाही, त्यामुळे जनहितासाठी म्हणून इथे कात्री लावता येणार नाही. कायदा आणि आदेश दोन्ही गेले.

एवढं होऊनसुद्धा १९७२ ला तेच दुसऱ्या दाराने आलं. तेव्हा न्यूजप्रिंट, म्हणजे पेपर छापायचा कागद, बराचसा परदेशातून यायचा, तुटवडा होता, कोटा सरकारच्या हातात. कोटा वाटणं ठीक आहे, पण धोरणात असं घातलं की १० पानांच्या वर जायचं नाही, आणि एकाच मालकाच्या पेपरांनी आपसात कागद इकडचा तिकडे करायचा नाही. म्हणजे तुमच्याच कोट्यातला कागद तुम्ही कसा वापरायचा तेही आम्ही सांगणार. बेनेट कोलमनच्या, म्हणजे 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या कंपनीच्या, केसमध्ये कोर्टाने बहुमताने हे धोरण रद्द केलं, न्यायमूर्ती मॅथ्यूंचं मत मात्र वेगळं होतं आणि त्यांचा मुद्दा मला अगदीच चुकीचा वाटत नाही, की पेपर थोड्या श्रीमंतांच्या हातात एकवटले तर बाकीच्यांचा आवाज कुठे जाणार. प्रश्न खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून कात्री सरकारच्याच हातात द्यायची हे मला पटत नाही, कारण उद्या ती कोणासाठी चालेल हे ठरवणारा तोच आहे ज्याच्याविरुद्ध बातमी असणारे.

आज कागदाचा कोटा नाही. पण चॅनलला लायसन्स लागतं, ते रिन्यू करावं लागतं, त्यासाठी सुरक्षा मंजुरी लागते. केरळच्या मीडियावन चॅनलची मंजुरी नाकारली तेव्हा कारण त्यांना सांगितलंच नाही, बंद लिफाफ्यात कोर्टाला दिलं. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नकार रद्द केला, आणि सरकारवर टीका करणं म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका असं म्हणता येणार नाही हे स्पष्ट लिहिलं. त्याच महिन्यात केंद्राने आयटी नियमात बदल केला की सरकारच्या कामाबद्दलची कुठली माहिती खोटी आहे ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार, तो बदल मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. स्वतःच्या बाबतीत खरं काय ते स्वतःच ठरवायचं, हे मला तरी वाचताना भीतीदायक वाटलं होतं.

म्हणजे कोर्टाने बऱ्याच वेळा वाचवलंय. पण आमच्या सरांना आलेला तो फोन कुठल्या कोर्टात नेणार? कागदावर काहीच नाही. म्हणून मला वाटतं की सगळ्यात आधी तोंडी कारभार बंद व्हायला पाहिजे. सोशल मीडियावरची पोस्ट काढून टाकायला सांगायची असेल तर लेखी सांगा, कारण द्या, ज्याची आहे त्याला कळवा. परवाना नाकारला तर का ते सांगा. आणि जाहिराती, हा पैसा सरकारचा नाही आपला आहे, तो कुठल्या पेपरला किती गेला, खपाच्या कुठल्या नियमाने गेला, कोणाचं बिल किती दिवस अडकलंय हे सगळं दर महिन्याला वेबसाईटवर आलं ना तर त्या गोड फोनमधली निम्मी ताकद तिथेच जाईल, कारण आदल्या महिन्यापर्यंत वेळेवर मिळणारं बिल एक बातमी छापल्यावर अडकलं की ते सगळ्यांना दिसेल. बाकी पेपरांनी पण अशा वेळी एकमेकांची बातमी उचलून छापली पाहिजे, एकाला दाबणं सोपं असतं, दहा जणांना फोन करत बसणं तेवढं सोपं नाही.

आणि वाचकांनी पैसे द्यावेत, हे मला म्हणायला अवघड जातं कारण सगळ्यांना परवडतंच असं नाही. पण ज्यांना परवडतं ते पण फुकट पीडीएफ फॉरवर्ड करतात तेव्हा वाईट वाटतं, ते पैसे नाही आले तर सर परत त्या फोनपाशीच येऊन बसतात.

ते 'सकाळ'चे दोन वाचक माझ्या डोक्यातून जात नव्हते, म्हणून मागच्या सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपये फी भरली. गेल्या तीन वर्षांत आमच्या जिल्ह्यात कुठल्या पेपरला किती रकमेच्या सरकारी जाहिराती दिल्या, बिलं कोणत्या तारखेला सादर झाली आणि कोणत्या तारखेला निघाली, एवढंच विचारलंय. नियमाप्रमाणे ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलं की सगळा तक्ता इथे टाकते, नाही आलं तर अपील करणार आहे, आणि तुमच्यापैकी कोणी आपापल्या जिल्ह्यात हाच अर्ज करणार असेल तर मला मेल करा, मी माझा मसुदा पाठवते.