भंडारदऱ्याचं पाणी सुटलं

आमच्या घरात हे वाक्य वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकू यायचं. अण्णा गावातून सायकलवर येत आणि ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच आईला सांगत, ‘‘भंडारदऱ्याचं पाणी सुटलं गं.’’ मग कंदील पुसला जायचा, फावडं दाराशी यायचं आणि दोन-तीन दिवसांनी कधीतरी मध्यरात्री अण्णा दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतावर जायचे. आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या डाव्या कालव्यावरचं. लहानपणी मला भंडारदरा हा कुणीतरी माणूसच वाटायचा. दूर राहणारा, थोडा लहरी, पण शब्दाला जागणारा.

अण्णा आता चौसष्ट वर्षांचे आहेत. आयुष्यभर त्या पाण्यावर ऊस, गहू, हरभरा पिकवला. पण ते पाणी येतं कुठून हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये ते माझ्याकडे नाशिकला आले होते. परत जाताना म्हणाले, एसटीत बसवून दे. मी म्हटलं, मीच सोडते, पण जरा लांबच्या रस्त्याने जाऊ. नाशिकहून घोटी, तिथून भंडारदरा, धरणाला वळसा, आणि मग नदीच्या कडेकडेने खाली घरापर्यंत. सकाळी निघून रात्री पोचायचं. घोटीला महामार्ग सोडला की जो रस्ता लागतो तो कोल्हार-घोटी रस्ता. बारी, राजूर, अकोले, संगमनेर, लोणी करत तो थेट आमच्या मुलखात उतरतो. गाडी असेल तर हा सगळा पल्ला एका दिवसात होतो, फक्त पहाटे निघायला हवं.

साडेपाचला निघालो. घोटीला पेट्रोलची टाकी भरून घेतली आणि चहा घेतला. घोटी सोडली की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू होतात. भात पोटरीत आला होता आणि खाचरांमधल्या पाण्यात डोंगरांची सावली पडली होती. अण्णांनी काच खाली केली. भाताचा एक ओलसर, दुधाळ वास असतो, तो गाडीत भरून राहिला. ऊस आणि गव्हात जन्म गेलेला माणूस. प्रत्येक खाचराचा बांध निरखत होते. ‘‘एवढाले तुकडे, पण बांध बघ कसे घातलेत,’’ एवढंच म्हणाले.

बारीच्या अलीकडे कळसूबाई दिसायला हवी होती. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. ते ढगात होतं. पायथ्याची वाडी तेवढी दिसली, आणि नवरात्रात भरणाऱ्या यात्रेसाठी रस्त्याकडेला चाललेली डागडुजी. बारीचा छोटा घाट चढताना आपण नाशिक जिल्हा सोडून नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये येतो. ‘‘म्हणजे हा आपलाच जिल्हा?’’ अण्णांनी दोनदा विचारलं. त्यांच्या लेखी नगर जिल्हा म्हणजे काळी माती, सपाट शिवार आणि पाऊस पडेल की नाही याची धाकधूक. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी बरा म्हणायचा. इथे घाटघरला त्याच्या आठ-दहा पट पडतो. जिल्हा एकच.

शेंडी हे धरणाच्या भिंतीखालचं गाव. आठच्या सुमाराला तिथे पोचलो आणि धरणासमोर गाडी लावली. भंडारदऱ्याच्या या धरणाचं नाव विल्सन धरण. ते दगडी आहे. काम १९१० साली सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. डिसेंबर २०२६ हा त्याच्या शंभरीचा महिना. भिंत ८२ मीटर उंच. सप्टेंबरमध्ये धरण भरलेलं असतं, आणि भिंतीतून सोडलेलं पाणी खालच्या एका गोल खडकावर आदळून छत्रीसारखं चहूबाजूंना पसरतं. त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. लोक तिथे फोटो काढत होते.

अण्णा फोटोंकडे वळलेच नाहीत. ते भिंत पाहत होते. भिंतीला बाहेरून टेकलेले ते भलेथोरले दगडी-सिमेंटचे धिरे दाखवून म्हणाले, ‘‘हे नंतरचं काम. एकोणसत्तर सालचं झेंगट.’’ १९६९ मध्ये धरणाच्या भिंतीला तडे गेले, गळती लागली, आणि पुढच्या काही वर्षांत भिंतीला हे टेकू देऊन ती मजबूत केली गेली. अण्णा तेव्हा आठ वर्षांचे. गावात आवई उठली होती की भंडारदरा फुटणार. आजीने धान्याची पोती माळ्यावर चढवली होती आणि अण्णांना शाळेत जाऊ दिलं नव्हतं. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. ‘‘धरण किती लांब ते कुणाला ठाऊक होतं?’’ ते म्हणाले. ‘‘आम्हाला वाटायचं, इथंच आहे, पलीकडं.’’

धरणाची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. हा आकडा मला वाचून माहीत होता. अण्णांना तोंडपाठ होता. पावसाळ्यात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत तो रोज येतो, आज किती भरलं, काल किती होतं. पारावर बसलेली माणसं तो आकडा घरच्या माणसाच्या तापासारखा विचारतात. पण आकडा आणि पाणी यांत फरक आहे. शेंडीहून पुढे निघालो आणि पहिल्याच वळणावर जलाशय उघडा झाला, तेव्हा अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. ते खाली उतरले नाहीत. काचेतून बघत राहिले. समोर पाणी, त्यापलीकडे रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका, आणि डोंगरांच्या प्रत्येक घळीतून खाली येणारी एकेक पांढरी रेघ. मी मोजायला लागले आणि तेविसावर सोडून दिलं. अण्णा म्हणाले, ‘‘आपल्या पोटचारीला एवढंसं येतं.’’ पोटचारी म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत येणारी छोटी चारी. हाताने वीतभर दाखवलं.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता साधारण चाळीसेक किलोमीटरचा आहे. आम्ही मुतखेल, कोलटेंभेच्या बाजूने रतनवाडीला गेलो आणि साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत असं फिरून शेंडीला परत आलो. रस्ता अरुंद आहे, पावसाने कडा खाल्लेल्या असतात आणि समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे जावं लागतं. त्यामुळे शनिवार-रविवारी पावसाळ्यात इथे येऊ नये असं मी मनापासून सांगेन. आम्ही बुधवारी गेलो. पूर्ण वळशात गाड्या मोजून सात-आठ भेटल्या, बाकी गुरं. गुरांना वाट द्यायला थांबलो की गुराखी पोरं खिडकीशी येत आणि ‘कुठले?’ विचारत. अण्णा प्रत्येकाला सांगत, ‘‘तुमच्या पाण्यावरचे.’’

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मी याआधी दोनदा पाहिलं होतं, पण या वेळी जास्त वेळ गेला तो त्याच्या पुष्करणीपाशी. देवळाच्या जरा अलीकडे चौकोनी कुंड आहे, आतल्या भिंतींत छोट्या छोट्या देवळ्या, प्रत्येकीला स्वतःचं शिखर, आत विष्णूच्या मूर्ती. पावसाळ्यात कुंड काठोकाठ भरतं. त्या दिवशी पाणी देवळ्यांच्या उंबऱ्याला लागलं होतं. वाऱ्याने हललं की मूर्तीच्या पायांपर्यंत जाई आणि परत येई. एक बेडूक एका देवळीत, मूर्तीच्या शेजारी, देवासारखाच स्थिर बसला होता. देऊळ शिलाहारांच्या काळचं मानतात. झंज राजाने या डोंगरांत उगम पावणाऱ्या नद्यांकाठी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे प्रवरेचं, असं सांगितलं जातं. नदी रतनगडावर उगम पावते आणि देवळाच्या जवळून, अजून ओढ्याएवढीच, जलाशयाकडे जाते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. अण्णा चपला काढून त्या ओढ्यात उतरले. घोट्याएवढं पाणी. वाकून ओंजळभर घेतलं, प्यायले, आणि उरलेलं डोक्याला लावलं. मी काही बोलले नाही.

जेवण गावातल्याच एका घरी. जाताना सांगून गेलो होतो, म्हणून दीड तासात तयार होतं. तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं, लसणाचा ठेचा आणि वाफाळता भात. पडवीत बसलो होतो, कौलांवरून पागोळ्या गळत होत्या आणि वाढणाऱ्या ताई तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकत होत्या. अण्णांनी विचारलं, ‘‘ताई, एवढं पाणी दाराशी. चैन आहे तुमची.’’

‘‘आता आहे बाबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चैत-वैशाखात या. विहीर तळाला जाते. हंडा घेऊन खाली जायचं, ते परत चढून यायचं.’’

‘‘आणि धरण?’’

‘‘ते खाली खाली जातं ना. तुमच्याकडंच सोडत्यात.’’ हे त्यांनी रागाने नाही सांगितलं. भात वाढता वाढता सांगितलं.

अण्णांचा घास हातात राहिला. आमच्या गावात पाणी आठ दिवस उशिरा आलं तर मोर्चा निघतो. अण्णा स्वतः दोनदा गेलेले आहेत. पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागे फिरायचं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून भांडायचं, हे सगळं त्यांनी केलं. हेडच्याही, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्याही, वर कुणीतरी राहतं, आणि त्यांचीही पाळी असू शकते, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मलाही नाही. या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. बांधलं तेव्हा धरणाला मात्र नाव मिळालं गव्हर्नरचं. निघताना अण्णांनी ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे ताटाखाली ठेवले. ताईंनी मोजून जास्तीचे परत दिले आणि वर कागदात बांधून शेरभर हुलगे दिले.

साम्रदला सांदण दरी आहे, पण पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहतं, आत जाण्यात अर्थ नाही आणि धोका आहे. आम्ही थांबलो नाही.

घाटघरचा कोकणकडा धुक्यात होता. अर्धा तास उभे राहिलो. काहीही दिसलं नाही, कठडासुद्धा पाच पावलांवर पुसट होत होता. खालून वारा असा येत होता की पावसाचे थेंब वर चढून हनुवटीला लागत. इथे पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. कड्याच्या पलीकडे पडलेला कोकणात उतरून समुद्राला जातो. अलीकडे पडलेला प्रवरेत, प्रवरेतून टोक्याला गोदावरीत आणि पार बंगालच्या उपसागराला. दोन वाट्यांमध्ये काही हातांचं अंतर. अण्णांना जास्त नवल वाटलं ते घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. वर घाटघरला एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा. विजेची मागणी जास्त असते तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची, कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. ‘‘खाली गेलेलं पाणी परत आणतात?’’ त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं.

परतीच्या बाजूला, उडदावणे आणि पांजरेच्या परिसरात, मेअखेर ते जूनमध्ये काजवे येतात. झाडंच्या झाडं एका लयीत लुकलुकतात. मी ते पाहिलंय आणि त्यासारखं दुसरं काही पाहिलं नाही. पण जाणार असाल तर गाडी लांब उभी करा, दिवे बंद करा, झाडाखाली जाऊ नका. काजव्याचा उजेड हा त्याचा जोडीदार शोधण्याचा मार्ग आहे आणि त्याला उजेड दाखवायला फक्त थोडे दिवस मिळतात. गेल्या खेपेला एका गाडीने हेडलाइट चालू ठेवून फोटो काढले होते. ते झाड विझलं ते पुन्हा पेटलं नाही.

चार वाजता शेंडी सोडलं. रंधा धबधबा जोरात होता. दहा मिनिटं थांबलो. राजूरला चहा. पुढे निळवंडे धरण. भंडारदऱ्याच्या खालचं हे धरण आणि त्याचे कालवे यांत जिरायत गावांच्या दोन पिढ्या गेल्या. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. अकोल्यानंतर डोंगर मागे सरकू लागले, भात संपला, बाजरी आली, मग ऊस. हवासुद्धा कोरडी झाली. नदी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या, पण सोबत होती.

संगमनेर सोडल्यावर अण्णा म्हणाले, ‘‘ओझरला घे.’’ थोडं आत वळावं लागतं. ओझरच्या बंधाऱ्यावर प्रवरेचं पाणी अडवून दोन कालव्यांत वाटतात, डावा आणि उजवा. अंधार पडत आला होता. बंधाऱ्यावरून पाणी सांडत होतं, आवाज बराच होता. अण्णा कठड्याला हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी मला बोटाने दाखवलं.

‘‘हा डावा. आपला.’’

मग जरा वेळाने म्हणाले, ‘‘चैतात एकदा न्यायचं मला परत. त्या ताईंकडं. पाणी कुठपर्यंत खाली जातं ते बघायचंय.’’