सोलापूरचा उन्हाळा आणि गेमिंगसाठीचा मदरबोर्ड

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने नवी पेठेतील एका दुकानातून आणलेले कोटेशन माझ्यासमोर ठेवले. प्रोसेसर ठरला होता, ग्राफिक्स कार्डही ठरले होते. मदरबोर्डाच्या ओळीत मात्र तीन नावे होती आणि तिसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळपास दुप्पट होती. ‘मामा, महागातला घेतला तर गेममध्ये फ्रेम्स वाढतील ना?’ असे त्याने विचारले. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम तीच ठेवून केवळ मदरबोर्ड बदलला, तर पडणारा फरक इतका किरकोळ असतो की खेळताना तो जाणवतही नाही, हे सांगितल्यावर त्याने लगेच सर्वांत स्वस्त बोर्डाच्या नावावर बोट ठेवले. तेथे त्याला थांबवावे लागले, कारण त्या निवडीचा भुर्दंड मी एकदा भरलेला आहे.

२०१९ साली मी स्वतःसाठी संगणक जुळवला, तेव्हा आठ कोअरचा प्रोसेसर घेतला आणि उरलेल्या पैशांत बसेल तो बोर्ड घेतला. हिवाळाभर काहीही तक्रार नव्हती. एप्रिल लागला, आमच्या वरच्या मजल्याचा स्लॅब तापू लागला आणि दुपारी खेळायला बसले की पंधरा-वीस मिनिटांनी चित्र अडखळू लागे. प्रोसेसरचे तापमान ७० अंशांच्या आसपास, म्हणजे निर्धोक दिसत होते; त्याचा वेग मात्र मध्येच निम्म्याच्याही खाली जात होता. ग्राफिक्स कार्डावर संशय घेऊन आणि विंडोज दोनदा नव्याने टाकून झाल्यावर, एका रविवारी मी कॅबिनेटचे झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला आणि दुखणे तेवढ्यापुरते गेले. दोष बोर्डाच्या व्हीआरएमचा, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा होता. त्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा तुकडा, नावालाही नव्हते.

पॉवर सप्लाय बोर्डाला १२ व्होल्ट देतो आणि प्रोसेसरला साधारण १ ते १.३५ व्होल्ट लागतात. हे रूपांतर सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसण्याच्या जागेच्या, भोवतीचे मॉस्फेट (विजेचे अतिजलद स्विच), चोक आणि कपॅसिटर मिळून करतात, आणि या साऱ्या जुळणीलाच व्हीआरएम म्हणतात. व्होल्ट उतरले की तितक्याच वॉटसाठी अँपिअर चढतात. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण त्याला सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घेण्याची मुभा असते, म्हणजे ढोबळमानाने ७० अँपिअर. रायझन ९ ७९५०एक्सची मर्यादा तर २३० वॉट आहे, म्हणजे हिशेब दोनशे अँपिअरच्या घरात जातो. घरातल्या गीझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, यावरून त्या बोटभर पट्टीतून किती प्रवाह वाहतो याची कल्पना यावी. मॉस्फेट ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो. माझ्याकडे नेमके तेच घडत होते.

इंटरनेटवरील परीक्षणे वाचताना एक गोष्ट आपल्याकडचा वाचक हमखास विसरतो. ती परीक्षणे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेली असतात. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४२-४३ अंश असताना वातानुकूलन नसलेल्या खोलीत ३७-३८ सहज असतात, आणि हे वरचे पंधरा अंश मॉस्फेटच्या तापमानात जवळपास जसेच्या तसे मिळवावे लागतात. परीक्षणात ९५ अंश दाखवलेला बोर्ड पुण्या-मुंबईत कदाचित चालून जाईल. आपल्याकडे तो ११० वर जाईल. म्हणून मी खोक्यावरच्या ‘१२+२+२’ अशा फेजच्या (व्हीआरएममध्ये भार वाटून घेणाऱ्या समांतर भागांच्या) आकड्यांवर फार विसंबत नाही. एक फेज ५० अँपिअरच्या भागांची असू शकते, दुसरी ८० च्या, आणि काही बोर्डांत दोन फेज जोडीने एकाच संकेतावर चालत असूनही वेगळ्या मोजलेल्या असतात. त्यापेक्षा हीटसिंक पाहावे: ते सॉकेटच्या दोन्ही बाजूंना आहे का, स्क्रूने घट्ट बसवले आहे का, आणि त्यात धातू किती व शोभेचे प्लास्टिक किती. दुकानदाराने परवानगी दिल्यास बोर्ड हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायला मला संकोच वाटत नाही.

बोर्डावरच छोटा पंखा असेल तर तो मी टाळतो. २०१९ मध्ये आलेल्या एक्स५७० चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) बहुतेक बोर्डांवर तसा पंखा होता. भाचा पूर्व भागात राहतो, त्याच्या गल्लीत टॉवेलचे यंत्रमाग दिवसभर चालतात आणि सुताचे बारीक तंतू उंबऱ्यापासून कपाटापर्यंत सगळीकडे बसतात. अशा घरात तो चिमुकला पंखा वर्षभरात कुरकुरू लागला नाही तरच नवल.

चिपसेटच्या नावांचा गोंधळ दुकानात पुष्कळ होतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटसाठी ए६२० मध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता, येत नाही, बी६५० मध्ये येतो; पण बी८४० हे नाव बी६५० पेक्षा मोठे दिसत असूनही त्यात ती सोय नाही आणि त्याच्या चिपसेटच्या लेन (पीसीआयई या जोडणीतील माहितीचे मार्ग) जुन्या, तिसऱ्या पिढीच्या आहेत. एक्स८७० मध्ये यूएसबी४ (अतिजलद यूएसबी) सक्तीचे केले आहे, म्हणून किंमत वाढते. मूळ चिप मात्र बी६५० ची जी आहे तीच आहे. भाच्याला ओव्हरक्लॉकिंग करायचे नव्हते आणि यूएसबी४ ला लावायला त्याच्याकडे काहीही नव्हते, त्यामुळे कोटेशनमधील तिसरे नाव येथेच गळाले.

रॅमबाबत एवढेच पुरे की एएम५ वर केवळ डीडीआर५ या पिढीची रॅम चालते, रायझन ७००० साठी ६००० चा वेग सोयीचा मानला जातो, आणि चार स्लॉट आहेत म्हणून चार पट्ट्या भरणे महागात पडते, कारण चार पट्ट्यांसाठी एएमडीने अधिकृतपणे मान्य केलेला वेग फक्त ३६०० आहे. दोनच घ्याव्यात आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटविषयी सांगायचे, तर आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० ही कार्डे सोळाऐवजी आठच लेन वापरतात, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्यांची मेमरी भरली की फटका बसतो. बी६५० वर तो प्रश्न येत नाही.

बायोसकडे, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डातल्या मूळ प्रोग्रामकडे, मात्र बारकाईने पाहावे. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्यानंतर नव्या बायोसद्वारे एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक वगैरे भागांच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वाढीव व्होल्टेजवरचा उपायही बायोसमधूनच पोहोचला. म्हणजे निर्माता बायोस वेळेवर देतो की नाही, हे बोर्डाच्या गुणवत्तेचेच अंग आहे, आणि त्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या बायोसच्या तारखा वाचून ते दहा मिनिटांत कळते. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येईल असे बटण असलेला बोर्ड मी आग्रहाने निवडतो, कारण दुकानात वर्षभर पडून असलेल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता आला नाही, तर तात्पुरता जुना प्रोसेसर सोलापुरात कोणाकडे मागायचा?

वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, पण माझा तो जुना बोर्ड दुरुस्तीसाठी पुण्याला गेला आणि तेथून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन पाच आठवड्यांनी परतला. वातानुकूलित खोलीत तो आढळणारही नव्हता. एएम५ वर आणखी एक जोखीम आहे: १७१८ पिना आता प्रोसेसरऐवजी बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि त्यांतली एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारली जाऊ शकते. म्हणून बिल करण्याआधी दुकानातच झाकण उघडून, मोबाइलच्या उजेडात पिना पाहून घ्याव्यात, आणि सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण फेकू नये, कारण बोर्ड परत पाठवताना ते लागते.

शेवटी आम्ही यादीतील दुसरा, बी६५० चा मायक्रो एटीएक्स (थोड्या लहान आकाराचा) बोर्ड घेतला. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा तीन-चार मिनिटे काळाच राहिला. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःची जुळवाजुळव करते म्हणून असे होते, पण भाच्याचा हात दोनदा पॉवर बटणाकडे गेला आणि दोनदा मी तो अडवला. तासभर खेळून झाल्यावर खोलीत २९ अंश असताना मॉस्फेट ५८ अंशांवर होते. माझ्या हिशेबाने मे महिन्यात तो आकडा ६८ च्या आसपास यायला हवा; दुपारी दोन वाजता, पंखा बंद करून, मी तो मोजणार आहे.