आमची वाटचाल: घाई नडली त्याची गोष्ट

बडोद्याला दांडिया बाजारात आजोबांच्या घराच्या माडीवर दोन टेबलं टाकून आम्ही सुरुवात केली. तेव्हा दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून द्यायचो. ब्लॉकचेनच्या, म्हणजे नोंदींचे ब्लॉक साखळीसारखे जोडत जाणाऱ्या सामायिक वहीच्या, कामात आलो ते एका जुन्या गिऱ्हाइकाच्या भाच्यामुळे; त्यात सांगण्यासारखं फार नाही.

"हल्ली करता काय रे तुम्ही?" असं आईनं विचारलं तेव्हा पंचाईत झाली. शेवटी हुंडीचा दाखला दिला. इथल्या पेढीवर पैसे भरायचे, सुरतेच्या पेढीनं चिठ्ठी बघून तिकडे द्यायचे. इथेरियम आणि सोलाना या दोन वेगळ्या साखळ्या. इथेरियमला सोलानावर काय चाललंय ते आपलं आपण कळत नाही, सोलानालाही इथेरियमचं नाही. म्हणून मधला पूल इकडचं नाणं कुलुपात ठेवतो आणि तिकडे तेवढ्याची चिठ्ठी काढतो. आई म्हणाली, "आणि चिठ्ठी खोटी निघाली तर?"

२०२२च्या फेब्रुवारीत वर्महोल या पुलावर नेमकं हेच झालं. सही तपासण्यातली फट सापडली आणि कुणीतरी तारणाशिवाय १,२०,००० इथरच्या (इथेरियमच्या नाण्यांच्या) चिठ्ठ्या काढल्या. मार्चमध्ये रोनिन हा दुसरा पूल: सही करायच्या नऊपैकी पाच किल्ल्या चोरांच्या हाती, ६० कोटी डॉलरहून अधिक लंपास. सहा दिवस कुणाला पत्ता नाही! एकाला पैसे काढता येईनात तेव्हा उलगडा झाला. आमची हातातली दोन कामं त्याच महिन्यात गेली.

आमची फजिती त्यामानानं लहान, पण खऱ्या पैशांची. एका छोट्या पुलासाठी सही करणारा सर्व्हर आमच्याकडे होता. कुलूप लागलेलं दिसलं की सहा ब्लॉक थांबून पलीकडे चिठ्ठी काढायची, असं मीच ठरवलेलं. एका रात्री इकडच्या साखळीनं मागचे आठ ब्लॉक टाकून नवे लावले; कुलपाची नोंद त्या टाकलेल्यांतच होती. कुलूप गायब, चिठ्ठी मात्र निघालेली. एसीसाठी साठवलेले पैसे भरपाईत गेले. उन्हाळा पंख्यावर काढला.

आता आम्ही कॉसमॉस या साखळ्यांच्या जाळ्यातल्या आयबीसीवर, म्हणजे साखळ्यांनी आपसात निरोप धाडायच्या पद्धतीवर, जास्त काम करतो. तिथे एक साखळी दुसरीचा पुरावा स्वतः तपासते. मधला रिलेअर निव्वळ पोस्टमन. त्यानं उशीर केला तर पाकिटाची मुदत संपून नाणी परत मिळतात, पण खोटं पाकीट त्याला खपवता येत नाही. मला हे फार आवडतं.

इथेरियमची कामं अजून आहेतच. तिथे ब्लॉक पक्का, म्हणजे पुन्हा न बदलणारा, व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात आणि गिऱ्हाईक फोनवर कुरकुरतं. "होतंय, होतंय," म्हणून आम्ही खाली शेव-उसळ खायला जातो.