मग आपल्या वर कोण?

दफनभूमीलगतची जमीन विश्वस्त विकायला निघालेत, ही कुणकुण लागल्यापासून मंडळी अस्वस्थ होती. रविवारी उपासना संपल्यावर निवृत्त गुरुजी आणि काही बायका वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत आल्या. हातात इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन मंडळ्यांच्या मानाच्या प्रमुखांच्या, नावाने टाइप केलेला अर्ज: विक्री रद्द करण्याचा हुकूम द्यावा.

“पाळकसाहेब, तुमची शिफारस पाहिजे. कॅथलिक लोक रोमला लिहितात, आपण कँटरबरीला लिहू.”

गुरुजींचे आजोबा अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल. त्या परंपरेत बिशपच नव्हता. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले), प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथॉडिस्ट, डिसायपल्स अशा सगळ्यांची मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, आणि अँग्लिकन नातं त्यांच्याही घरात आलं.

मी सांगितलं, असा हुकूम आर्चबिशपांना देताच येत नाही. जगभरात 42 स्वतंत्र अँग्लिकन मंडळ्या आहेत, प्रत्येकीची घटना वेगळी, सिनोड म्हणजे कारभार पाहणारी सभा वेगळी. कँटरबरी त्यांना बोलावते, एकत्र बसवते. त्यापुढे तिचा अधिकार चालत नाही.

हा इतिहास मला मनापासून आवडतो, म्हणून मी सविस्तर सांगत बसलो. दक्षिण आफ्रिकेत बिशप ग्रे यांनी 1863 मध्ये तिथल्याच नाताळ (Natal) प्रांताच्या बिशप कोलेन्सोंना पदावरून काढलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्याच्या वरिष्ठ न्यायपीठाने, 1865 मध्ये ठरवलं की ग्रेंना तसा अधिकारच नव्हता. त्या गोंधळातून 1867 ची पहिली लँबेथ परिषद, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांची सभा भरली, 76 बिशप आले. पण कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप लाँगली यांनी आधीच बजावलं होतं की ही कायदे करणारी सभा नाही. अलीकडे सगळ्यांना बांधून घेणारा एक करार पुढे आला, तर 2012 मध्ये खुद्द इंग्लंडच्या 44 धर्मप्रांतांपैकी 26 जणांनी तो नाकारला.

“मग आपल्या वर कोण?” गुरुजींनी विचारलं.

आमच्यातले बरेच पाळक हे लोकांना सांगतच नाहीत. साता समुद्रापार कोणी मोठा बसलाय या भरवशावर माणसं गप्प राहतात, आणि ते इथल्या कारभाऱ्यांच्या पथ्यावर पडतं. मला ही फसवणूक वाटते.

खरा उपाय जिल्ह्याच्या गावी होता. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही. हरकत घ्यायची तर पुरावा हवा. सातबारा आणि शेड्यूल एकचा, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीचा, उतारा कोणीही काढील. मी दफन रजिस्टरं खाली घेतली. जुन्या पाळकांनी शेऱ्याच्या रकान्यात कबर कुठे खणली ते लिहून ठेवलंय: ‘ओढ्याकडील बाजू’, ‘बाभळीच्या पलीकडे’. वाळवीने कडा खाल्लेली ती पानं उलटताना दुष्काळात आणि पटकीत गेलेली लेकरं सापडत गेली, आणि त्यांतली कित्येक याच विकाऊ तुकड्यात पुरलेली निघाली. बायकांपैकी एकीने त्यात आपल्या आत्याचं नाव ओळखलं. त्या नोंदींच्या प्रती मी स्वतःच्या सहीशिक्क्याने दिल्या. माझी बदली होऊ शकते, हे मला ठाऊक आहे.

“सरकारी साहेब आपलं ऐकणार, आणि आपलेच मोठे लोक ऐकणार नाहीत?” गुरुजी म्हणाले. “मग दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना कशाला करायची?”

कोणी हुकूम देत नाही, तरी आपण एका मेजावर प्रभुभोजन घेतो, हे मला नेहमी या नात्याचं मोठेपण वाटत आलंय. आजही वाटतं. पण दफनभूमी वाचवायची वेळ आली तेव्हा त्या नात्याला हात नव्हते, आणि मला दुसऱ्याच कायद्याचं दार ठोठवावं लागलं. जगात कुठेतरी आपला एक पोप असावा, असं मला तरीही वाटत नाही. का वाटत नाही, ते गुरुजींना पटेल असं सांगता आलेलं नाही.

हरकत दाखल झाली आहे. कँटरबरीचं पत्रही गेलं, ‘हुकूम द्यावा’च्या जागी ‘आमच्यासाठी प्रार्थना करावी’ असं लिहून. सही करण्याआधी गुरुजींनी ते वाक्य दोनदा वाचलं.