सू लोक ते पैसे घेत का नाहीत?

मिनेसोटात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात भारतातून कोणी आले की साउथ डकोटातल्या माउंट रशमोरची एक फेरी होतेच, आणि आमचे घरही त्याला अपवाद नाही. चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे ज्यांत कोरले आहेत ते ब्लॅक हिल्सचे डोंगर सरकारने सू या आदिवासी लोकांकडून योग्य मोबदला न देता घेतले, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९८० साली दिला, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगते. ती भरपाई व्याजासह वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली तरी सू लोकांनी ती स्वीकारलेली नाही, असे म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्यांचे राखीव प्रदेश देशातल्या सर्वांत गरीब भागांत मोडतात, मग हा हट्ट कशासाठी? मला तो हट्ट वाटत नाही. त्यांच्या इतिहासात कागद आणि पैसा या दोन गोष्टी जेव्हा जेव्हा एकत्र आल्या, तेव्हा तेव्हा जमीन गेली आहे, आणि हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

सू हे एका टोळीचे नाव नसून सात शाखांच्या संघाचे बाहेरच्यांनी रूढ केलेले नाव आहे. पूर्वेकडचे लोक स्वतःला डकोटा म्हणवतात आणि पश्चिमेच्या गवताळ मैदानांतले लकोटा. मिनेसोटातल्या डकोटांची कथा आधी सांगायला हवी, कारण पुढे जे जे झाले त्याचा नमुना तिथेच दिसतो.

२३ जुलै १८५१ रोजी मिनेसोटा नदीकाठी ट्रॅव्हर्स डी सू येथे डकोटांच्या दोन शाखांच्या प्रमुखांनी सरकारशी तह केला. सही करून ते वळले, तेव्हा शेजारीच एका पिंपावर दुसरा कागद मांडून ठेवलेला होता, आणि तोही तहाचाच भाग आहे अशा समजुतीने अनेकांनी त्यावरही खूण केली. प्रत्यक्षात तो व्यापाऱ्यांचा कागद होता: प्रमुखांना मिळणाऱ्या रकमेतून व्यापाऱ्यांच्या चोपडीत लिहिलेली उधारी परस्पर वळती करण्याची ती संमती होती. त्या उन्हाळ्यातल्या दोन तहांनी डकोटांची सुमारे २.४ कोटी एकर जमीन गेली, आणि तिच्या बदल्यात मिळायच्या पैशाचा मोठा वाटा त्यांच्या हाती न येताच व्यापाऱ्यांकडे गेला.

उरले ते वर्षासन. १८६१ चे पीक बुडाले होते, हिवाळा उपासमारीत गेला होता आणि यादवी युद्धात गुंतलेल्या सरकारकडून १८६२ चे वर्षासन वेळेवर आलेच नाही. एजन्सीच्या, म्हणजे राखीव प्रदेशातल्या सरकारी कचेरीच्या, कोठारात धान्य होते, पण पैसे आल्याशिवाय ते द्यायचे नाही असे ठरले. अँड्र्यू मायरिक या व्यापाऱ्याने तर भूक लागली असेल तर गवत खा, अशा अर्थाचे उत्तर दिले. १८ ऑगस्टला लढाई पेटली, पहिल्या बळींमध्ये मायरिक होता आणि त्याच्या प्रेताच्या तोंडात गवत कोंबलेले सापडले. वर्षासनाची सोन्याची नाणी फोर्ट रिजलीला पोहोचली ती नेमकी त्याच दिवशी.

पुढच्या काही आठवड्यांत शेकडो वसाहतवाले मारले गेले. त्यांत बायका होत्या, मुले होती, जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातून येऊन नुकतीच घरे बांधलेली कुटुंबे होती, आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्यांशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. ही गोष्ट मी कधीच गाळत नाही, कारण ती गाळली तर त्या वर्षातली क्रूरता अर्धीच सांगितली जाते. मात्र त्यानंतर लष्करी आयोगाने काही मिनिटांत एकेक खटला निकालात काढत ३०३ जणांना फाशीची शिक्षा सुनावली, लिंकनने कागद तपासून बहुतेकांची फाशी रोखली, आणि तरीही २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे ३८ डकोटांना एकाच वेळी फासावर चढवण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी आहे. त्या जागी आता स्मारक आहे आणि २०१२ पासून तिथे त्या ३८ जणांची नावे वाचता येतात. दुसऱ्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, डकोटांचे सगळे तह रद्द केले आणि त्यांना मिनेसोटातून घालवून दिले.

पश्चिमेत चित्र निराळे होते, कारण तिथे लकोटा जिंकले. माँटॅनातल्या सोन्याकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवर सैन्याने किल्ले उभारले, तेव्हा रेड क्लाउड या लकोटा प्रमुखाच्या नेतृत्वाखाली लकोटा आणि त्यांच्या मित्रांनी दोन वर्षे अशी झुंज दिली की सरकारला ते किल्ले सोडावे लागले. १८६८ च्या फोर्ट लारामी तहाने मिझुरी नदीच्या पश्चिमेचा आजचा सगळा साउथ डकोटा, ब्लॅक हिल्ससकट, सू लोकांचा ठरला. त्या तहाचे बारावे कलम मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते: प्रौढ पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश लोकांच्या सह्यांशिवाय या जमिनीचा कोणताही भाग देता येणार नाही.

१८७४ मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याची तुकडी ब्लॅक हिल्समध्ये शिरली आणि तिथे सोने असल्याची बातमी देशभर पसरली. दुसऱ्या वर्षी सरकारने ६० लाख डॉलर देऊ केले, ते नाकारले गेले. मग ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सर्वांनी एजन्सीत हजर व्हावे, नाहीतर शत्रू समजले जाईल, असा हुकूम ऐन हिवाळ्यात निघाला. जूनमध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टर मारला गेला. पाहुणे त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त विचारतात, पण जमिनीचा निकाल त्या रणांगणावर लागला नाही. तो लागला ऑगस्टमध्ये, जेव्हा काँग्रेसने ठरवले की ब्लॅक हिल्स सोडेपर्यंत शिधा मिळणार नाही. बायसनचे कळप संपत चालले होते, बंदुका आणि घोडे काढून घेतले जात होते. एवढे करूनही सह्या मिळाल्या त्या सुमारे दहा टक्केच, आणि १८७७ च्या कायद्याने डोंगर घेतले गेले.

१८८९ मध्ये आणखी सुमारे ९० लाख एकर जमीन घेताना मात्र जनरल क्रूकने तीन चतुर्थांश सह्या जमवल्या. शिधा कमी होणार नाही, असा शब्दही त्याने दिला होता. सह्या झाल्यावर शिधा कापला गेला. त्याच भुकेच्या काळात घोस्ट डान्स या धार्मिक चळवळीची लाट आली, लकोटांचा नेता सिटिंग बुल मारला गेला, आणि २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे सैन्याने बिग फूट या लकोटा प्रमुखाच्या लोकांची कत्तल केली. १४६ प्रेते एकाच खड्ड्यात पुरली गेली. मेलेल्यांचा खरा आकडा त्याहून बराच मोठा आहे.

सू लोकांनी १९२३ मध्ये दावा दाखल केला आणि अंतिम निकाल आला १९८० मध्ये: १८७७ ची किंमत म्हणून १.७१ कोटी डॉलर आणि त्यावर व्याज, मिळून दहा कोटींहून अधिक. पण ज्या घटनादुरुस्तीच्या आधारे हा निकाल दिला गेला, तिच्यानुसार भरपाई फक्त पैशातच मिळते, जमीन परत मिळत नाही. ती रक्कम घेणे म्हणजे १८७७ मध्ये जे खरेदीखत कधी झालेच नाही, त्यावर आज सही करणे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पूर्णपणे पटते.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो की लकोटाही अठराव्या शतकात पूर्वेकडूनच आले आणि त्यांनी इतर जमातींना हटवूनच ते डोंगर मिळवले. हे खरे आहे. पण अमेरिकेने तह केला तो लकोटांशी, बारावे कलम लिहिले ते स्वतःच्या हाताने, आणि मोडलेही स्वतःच.

१९८५ मध्ये सिनेटर बिल ब्रॅडली यांनी मांडलेल्या विधेयकात कोणाच्याही खाजगी मालकीला धक्का न लावता, सरकारच्या ताब्यातली सुमारे १३ लाख एकर जमीन परत देण्याची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही. त्या भागातली बरीचशी जमीन आजही सरकारी वनखात्याकडे आहे, आणि सू लोकांची मागणी तीच आहे.