चिपळूणची पुंटो आणि पुण्याची पोलो

गेल्या मे महिन्यात एका सकाळी आमच्या गॅरेजसमोर फियाटची अबार्थ पुंटो आणि फोक्सवॅगनची पोलो जीटीआय या दोन वेगवान छोट्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा समोरच्या टपरीवरची माणसे चहाचे पेले घेऊन बघायला आली. बोटीवर नोकरी करणाऱ्या गुहागरच्या एका गिऱ्हाइकाला सुट्टीत हौसेची गाडी घ्यायची होती आणि दोहोंतून एक निवडण्याआधीची तपासणी त्याने माझ्यावर सोपवली होती.

पुंटो घराण्याने इटालियन, पण जन्माने रांजणगावची. २०१५ साली आलेली, १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे पाच गिअर. जर्मन पोलो तीन दारांची, २०१६ मध्ये परदेशातून तयार आणून मोजक्याच संख्येने विकलेली, १.८ लिटर, १९२ अश्वशक्ती आणि सात गिअरांचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा दोन क्लचांचा गिअरबॉक्स. याच इंजिनाला परदेशात हाताने टाकायचा साधा गिअरबॉक्स जोडला तर ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, मिळतो, डीएसजीला मात्र २५०च, कारण त्या गिअरबॉक्सच्या कोरड्या, तेलात न बुडवलेल्या क्लचला त्याहून अधिक सोसत नाही. हे गाडी विकणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

परशुराम घाटात दोन्ही चालवल्या. पुंटोचा टर्बो जागा होईपर्यंत वाट पाहावी लागते, पण तिचे हायड्रॉलिक स्टिअरिंग वळणावर रस्त्याची खबर थेट तळहाताला देते. पोलो पेडलला स्पर्श होताच खेचते आणि चढ संपल्याचे नंतर लक्षात येते.

पुंटो चिपळूणची, म्हणजे २२ जुलै २०२१च्या महापुराची, असे धरूनच मी तिला आधी लिफ्टवर घेतले. खाऱ्या हवेचा गंज आणि पुराचा गंज यांत फरक असतो. खारी हवा बोल्ट, सायलेन्सर, ब्रेकच्या चकत्या अशा उघड्या जागा कुरतडते. पूर मात्र आंधळ्या जागी गाळ ठेवून जातो आणि एका पातळीवर रेघ मारतो. पुंटोत सस्पेन्शनचे बोल्ट तांबडे झाले होते, पण कार्पेटखाली, स्टेपनीच्या खळग्यात, सीटच्या रुळांत गाळाचा कणही नव्हता. तिचा मालक उंचावर राहतो, हे त्याने आधीच सांगितले होते; मी ऐकून सोडून दिले होते.

पोलोची कागदपत्रे चकचकीत होती आणि स्कॅनरवर एकही दोष नव्हता. मात्र इंजिनाच्या संगणकातील स्वपरीक्षणे अपुरी दिसत होती, म्हणजे जुन्या नोंदी नुकत्याच कोणीतरी पुसल्या होत्या. मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, आणि कन्सोलखाली एअरबॅगच्या कनेक्टरवर हिरवट थर. बेल्ट धुणारे लोक तो अर्धाच ओढतात. गाडी घेऊन आलेल्या दलालाने मात्र हे पुण्याच्या पावसाचे साधे पाणी आहे, असे शांतपणे सांगितले.

मी सर्व लेखी दिले. गिऱ्हाइकाने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "काका, चालवायला कुठली चांगली वाटली?" खोटे बोलवेना. मी म्हणालो, "चालवायला पोलोच."

त्याने पोलो घेतली. आता तो समुद्रावर आहे आणि त्याचे वडील दर रविवारी गाडी सुरू करून ठेवतात. परवा त्यांचा फोन आला होता, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहिला आहे म्हणून. मी गाडी घेऊन या म्हणालो. त्या कागदाबद्दल त्यांना मुलाने काही सांगितले आहे का, हे विचारायचे मात्र धाडस झाले नाही.