मुलीच्या गेम अकाउंटवरची जन्मतारीख बदलून घेतली, माझा अनुभव

ज्यांची मुलं पहिली ते चौथीत आहेत आणि टॅबवर ऑनलाइन गेम खेळतात त्यांनी आधी एक काम करा, अकाउंटवर जन्मसाल काय टाकलंय ते बघा. बाकी सेटिंग नंतर.

माझी मुलगी तिसरीत आहे. गेममध्ये एका अनोळखी प्लेअरने तिला विचारलं, कितवीत आहेस, घरी आत्ता कोण आहे, आणि मग लिहिलं की दुसऱ्या ॲपवर ये, आईला सांगू नको. ती टॅब घेऊन सरळ माझ्याकडे आली, मला तिचा खरंच अभिमान वाटला. आमच्याकडे पहिल्यापासून ठरलंय की असलं काही सांगितलं म्हणून टॅब काढून घेतला जाणार नाही, त्यामुळेच ती बोलली असं मला वाटतं. टॅब जाईल या भीतीने मुलं गप्प बसतात.

रिपोर्ट आणि ब्लॉक पटकन झालं. (आधी स्क्रीनशॉट काढा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. बऱ्याच ठिकाणी ब्लॉक केलं की चॅट दिसेनासं होतं.)

अडलं ते पुढे. चॅट कायमचं बंद करायला गेले तर पालकांसाठीचं सेटिंग दिसेचना. मग कळलं की अकाउंट तिच्या आतेदादाने काढून दिलेलं आणि जन्मसाल 2001 टाकलेलं, कारण खरं टाकलं तर पुढे जाता येत नव्हतं. ही 13 वर्षांची अट बऱ्याच ॲपवर दिसते ती मुळात अमेरिकेच्या 1998 च्या कोपा कायद्यामुळे, 13 च्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची परवानगी लागते, म्हणून कित्येक कंपन्या सरळ 13 च्या खाली प्रवेशच देत नाहीत. मग मुलं खोटं साल टाकतात आणि सिस्टिमच्या दृष्टीने मोठी होतात, म्हणजे लहान मुलांसाठी जे जे आपोआप बंद असतं ते सगळं उघडं!

तारीख बदलायचं बटण नाही. सपोर्टला लिहिलं तर आधी ठरावीक ऑटोमॅटिक उत्तर. परत लिहिलं तर म्हणे अकाउंट ज्याचं आहे त्यानेच विनंती करावी. अहो, ती आठ वर्षांची आहे, तेच तर सांगतेय! मग म्हणे अकाउंटवरच्या जन्मतारखेशी जुळणारं ओळखपत्र पाठवा. जी तारीखच खोटी आहे तिचं ओळखपत्र कुठून आणणार? प्रत्येक वेळी नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा, आणि मध्येच "आपली समस्या सुटली आहे" म्हणून तक्रार बंद. तोपर्यंत त्या अकाउंटवर कोणीही मोठा माणूस तिला मेसेज करू शकत होता, याचा मला अजूनही राग येतो. गेम काढून टाकला होता तरी अकाउंट चालूच होतं ना.

शेवटी काम झालं ते प्रायव्हसी पॉलिसीच्या अगदी तळाशी दिलेल्या ईमेलवर लिहिल्यावर. अकाउंटला जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवलं, पहिल्याच ओळीत लिहिलं की हे अकाउंट 13 वर्षांखालच्या मुलीचं आहे, मी तिची आई, तारीख दुरुस्त करा नाहीतर अकाउंट आणि सगळी माहिती डिलीट करा. सोबत युजरनेम आणि जुन्या तक्रारीचा नंबर. मूल लहान आहे हे एकदा लेखी कळलं की कंपनीला दुर्लक्ष करणं अवघड जातं. तारीख बदलली, पालकांचं सेटिंग उघडलं आणि चॅट बंद केलं तेव्हा कुठे मला शांत झोप लागली.

ओळखपत्र मागितलंच तर नंबर झाकून पाठवा, आणि मुलाचं नको, स्वतःचं पाठवा.

टॅबवर आता गुगलचं फॅमिली लिंक आहे (मुलांच्या टॅबवर पालकांना नियंत्रण ठेवता येतं ते ॲप), ते सोपं गेलं. त्यात मुलाच्या अकाउंटला क्रोममध्ये इनकॉग्निटो (काय बघितलं त्याची हिस्टरी राहत नाही तो मोड) मिळत नाही आणि नवीन ॲप आपल्या परवानगीशिवाय येत नाही. यूट्यूब किड्समध्ये आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असंही सेटिंग आहे, लहानांसाठी मला तेच बरं वाटतं.

अजून एक, स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचं युजरनेम किंवा प्रोफाइलची लिंक आली पाहिजे, वर दिसणारं नाव तो कधीही बदलू शकतो. आणि पालकांच्या सेटिंगचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा, फोनचा पिन मुलांना पाठ असतो.